गोड्या पाण्याची लाट

उधाणाच्या भरतीबरोबर कोर्विना मासा खाडीत शिरतो, आणि तो शिरला की कुकापा बायका जाळी घेऊन निघतात. लिब्रादाही निघाली होती. सोबत भावजय तोमासा, जुन्या ट्रकमागे बांधलेली होडी, फडक्यात गुंडाळलेल्या मक्याच्या पोळ्या. मिठानं पांढऱ्या पडलेल्या मैदानातून ट्रक सावकाश चालला होता. पूर्वी या मैदानावर नदी पसरायची, कोलोराडो. आता ती सीमेपलीकडे, अमेरिकेत, धरणांमागे अडकली होती. त्यातून सुटेल ते शेतांचे कालवे पिऊन टाकत. समुद्रापर्यंत थेंब पोचत नव्हता, उरली होती नुसती खारी खाडी. कुकापा म्हणजे नदीची माणसं. नदी गेली, नाव तेवढं राहिलं.

गेल्या हंगामात याच खाडीत लिब्रादाचा धाकटा भाऊ, तोमासाचा नवरा, गेला होता. राखीव क्षेत्राच्या निरीक्षकानं, बेसेरिलनं, त्याच्या होडीचं इंजिन काढून नेलं आणि त्याला तसाच भर पाण्यात सोडला. "हातानं वल्हवत जा," म्हणाला. भरतीनं होडी उलटवली. सरकारी कागदावर लागलं की माणूस दारू प्यायला होता. ज्यानं जन्मात दारूला तोंड लावलं नाही, तो. त्याचं नाव इथं सांगत नाही. मेलेल्याचं नाव त्या लोकांत घेत नाहीत. हाक ऐकली की जाणारा थांबतो, मागं वळतो.

दुपार कलली होती. लिब्रादानं जाळ्याचं एक टोक चिखलाच्या दांड्यावर, पाण्याबाहेर आलेल्या उंचवट्यावर, खुंटीला बांधलं, दुसरं होडीत धरलं. तेवढ्यात गस्तीची लाँच दिसली.

"ताई, जाळं ओढून घेऊ या," तोमासा म्हणाली. "भांडू नकोस."

"मी कुठं भांडतेय?" लिब्रादा म्हणाली, आणि जाळं काही ओढलं नाही.

लाँचमध्ये बेसेरिल आणि एक नाविक होते. बेसेरिल बूट सांभाळत दांड्यावर उतरला.

"पुन्हा तुम्हीच का, बाई? हा पट्टा राखीव आहे. मासा संपत चाललाय."

"नदी संपली तेव्हा कुणी काही राखलं नाही ते?"

"नदी माझ्या खात्यात येत नाही."

"तुझ्या खात्यात काय येतं, लोकांची इंजिनं?"

नाविकानं तोंड फिरवून हसू दाबलं. ते पाहून बेसेरिलचा चेहरा लाल झाला. त्यानं सुरी काढली आणि जाळ्याचा दोर कापायला घेतला. ते जाळं विणण्यात तोमासाचा आख्खा हिवाळा गेला होता.

"भाऊपण असाच तोंडाळ होता तुझा," तो म्हणाला. "काय बरं नाव त्याचं..."

"नाव घेऊ नकोस."

"का? येईल तो?"

त्यानं नाव घेतलं. मग तोंडाभोवती हात धरून, थट्टेनं, पसरलेल्या चिखलावर पुन्हा हाक घातली. लांब, खेळात मारतात तशी.

पक्षी गप्प झाले. मग दुरून आवाज आला... घशातून काढल्यासारखा, खरखरीत, चढत जाणारा. लिब्रादाची आजी सांगायची, पूर्वी समुद्राची लाट नदीच्या तोंडात शिरताना गाढवासारखी ओरडत यायची, जहाजंच्या जहाजं उलटवायची. नदी आटली तशी ती लाटही मेली. लिब्रादानं घाईनं समुद्राकडं पाहिलं. समुद्र ताटासारखा सपाट होता.

आवाज पाठीमागून येत होता. उत्तरेकडून, कोरड्या पात्रातून.

आधी वास आला. ओल्या मातीचा, नदीकाठच्या विलो झाडांच्या कुजलेल्या पानांचा. तो वास तिला फक्त लहानपणचा आठवत होता. मग लाल पाण्याची भिंत आली. होडी उचलली गेली, आपटली, पुन्हा उचलली गेली. दांडा दिसेनासा झाला. बेसेरिलचं डोकं वर आलं, खाली गेलं. लिब्रादानं दोर फेकला. का फेकला, हे तिला तेव्हा ठाऊक नव्हतं. त्यानं तो मनगटाला गुंडाळला, ती ओढू लागली, आणि तिच्या लक्षात आलं की खालूनही कुणीतरी ओढतंय.

"आक्का..." आवाज पाण्यातून आला, अगदी होडीला टेकून. "सोड."

तिला आक्का म्हणणारं एकच माणूस होतं. तोमासानं ऐकलं. नवऱ्याला हाक मारायला तिचे ओठ हलले.

"नाव घेऊ नकोस," लिब्रादा तिच्यावर खेकसली. मग ती पाण्याकडं वाकली. अंगावर काटा होता, पण संताप त्याच्याहून मोठा होता. "नाही सोडणार. बुडाला की सुटला तो. मला हा जिवंत हवाय. काय केलं ते सगळ्यांसमोर याच्या तोंडून ऐकायचंय मला."

"आक्का... माझा आहे तो."

"तू मेलास. जगायचं आम्हाला आहे. तुला दारुडा म्हणतात ते कोण ऐकून घेतं? ही ऐकते. मी ऐकते. सोड तूच."

बराच वेळ दोर तसाच ताणलेला राहिला. तळहाताची साल निघाली. मग पलीकडं काहीतरी ठरल्यासारखा दोर अचानक सैल पडला, आणि बेसेरिल होडीच्या कडेला येऊन लागला.

पाणी कधी ओसरलं ते दोघींनाही कळलं नाही. चिखल होता तसा होता. लाँच जागची हलली नव्हती.

"कसली लाट?" नाविक पांढऱ्याफटक चेहऱ्यानं म्हणाला. "साहेब गुडघाभर पाण्यात पडले. आणि तुम्ही... तुम्ही कुणाशी बोलत होतात?"

बेसेरिलला पालथा केला तेव्हा त्याच्या तोंडातून लाल पाणी वाहिलं, कितीतरी. तोमासानं बोट बुडवून जिभेला लावलं.

"ताई, गोडं आहे," ती म्हणाली.

बेसेरिल जगला. बरा झाल्यावर आपण होऊन मेहिकाली शहरात न्यायाधीशासमोर जाऊन बसला. लिब्रादाला बोलावणं आलं. तिनं ठेवणीतला झगा घातला. इतक्या दिवसांनी भावावरचा कलंक पुसला जाणार होता.

"त्यांनी माझं इंजिन नेलं," बेसेरिल खाली मान घालून सांगू लागला. "मी ओरडलो, निदान वल्ही तरी ठेवा. मी प्यायलो नव्हतो. पाणी फार गार होतं."

जबानी लिहून घेणाऱ्या कारकुनाचा हात थांबला. न्यायाधीशानं पाण्याचा पेला पुढं केला. "तुम्ही दमलात. त्या मच्छीमाराबद्दल सांगा."

"त्याच्याबद्दलच सांगतोय," बेसेरिल म्हणाला.

डोक्यावर परिणाम झालाय, असं ठरलं आणि जबानी रद्द झाली. बाहेर कोर्टाच्या व्हरांड्यात त्याची बायको दोन मुलींना धरून उभी होती. तो त्यांच्या शेजारून परक्यासारखा निघून गेला. लिब्रादाच्या छातीत इतके महिने पेटलेली आग तशीच होती, पण आता ती टाकायची कुणावर? त्या माणसाच्या पाठीकडं बघून तिनं दात आवळले आणि तिला रडू आलं.

कुकापा लोक मेलेल्याचं सामान जाळतात, घरही जाळतात. परतून यायला जागा राहू नये म्हणून. लिब्रादाच्या अंगणापलीकडं भावाच्या झोपडीची काळी जमीन होती. त्या आठवड्यापासून दिवस मावळताना एक माणूस शहरी बूट घालून तिथं येऊन बसू लागला. तोमासा आता लिब्रादाकडंच राहायची, ती त्याला पाहिलं की दार लावून घ्यायची.

एका संध्याकाळी लिब्रादा कुंपणापर्यंत गेली. त्यानं वर पाहिलं. चेहरा बेसेरिलचा होता, आवाजही त्याचाच.

"आक्का," तो हळूच म्हणाला, "माझं घर कुठंय?"