खंडेनवमीचं सिंगतेल

"चावी! बेन, चावी फेरवो!"

आयुष्यात पहिल्यांदाच एखादा पुरुष माझ्याशी इतक्या कळकळीने बोलत होता. सयाजीगंजच्या सिग्नलला तो स्कूटरवर होता आणि माझा बंपर त्याच्या मागच्या चाकाला टेकायच्या बेतात होता, त्यामुळे कळकळ समजण्यासारखी होती.

अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय मी केव्हाच काढला होता. गाडीने ते मनावर घेतलं नव्हतं. इंजिन गर्जत होतं, ब्रेक मी जीव खाऊन दाबला होता... किल्ली फिरवली. सगळं शांत. मागच्या रिक्षावाल्याने हॉर्न वाजवून ती उणीव भरून काढली.

"वाग्युं तो नथी ने?" मी विचारलं.

"लागलं नाही. नुसता घाबरलो."

बडोद्यात हे असंच. दोन मराठी माणसं आधी गुजरातीत भेटतात आणि मग चोरी पकडल्यासारखी हसतात. तो हसला तेव्हा डाव्या गालावर बारीकशी खळी... मी घाईने गाडीकडे पाहिलं. कुठेतरी पाहायला हवंच होतं.

त्याने बॉनेटवर तळवा ठेवला, ताप बघतात तसा. "बासष्ट सालची?"

"चौसष्टची. आणि असं रस्त्यात वय विचारू नये."

"विकणार का?"

नेमकं तेच ठरलं होतं. रेस अडकणारी गाडी म्हणजे लेकीच्या जिवाशी खेळ, असं बाबांनी जाहीर केलं होतं. रविवारी जो पहिला येईल, त्याला द्यायची. आणि आई गेल्यापासून बाबा आणि मी मोकळं बोलतो ते फक्त या गाडीत. दोघांची तोंडं रस्त्याकडे असतात म्हणून. गाडी गेली की आमच्यात उरणार फक्त 'जेवलीस का'.

"अकोट्याला आमच्या घरी या, रविवारी," मी म्हणाले. पत्ताही दिला. पायावर कुऱ्हाड अशी खळी बघून कुणी मारून घेत नाही.

रविवारी तो रिक्षाने आला. जाताना गाडीच घेऊन जायची, इतका विश्वास. नाव वरद, धंद्याने दातांचा डॉक्टर. हातात चामडी बॅग.

"गाडी बघायला हत्यारं आणलीत?" बाबांनी लीलो चिवडा पुढे करत विचारलं.

"न तपासता मी काही उपटत नाही, काका."

बाबा चहा टाकायला आत गेले. वरदने बॉनेट उघडलं, दाढा बघायचा छोटा आरसा कार्ब्युरेटरखाली धरला, मग वाकून वास घेतला. बराच वेळ.

"नीराबेन... इथे कुणी भजी तळली होती?"

"सिंगतेल," मी म्हणाले. "खंडेनवमीचं. आजोबा संस्थानच्या नोकरीत होते, ते तलवारीला तेल लावायचे. तलवार गेली, गाडी राहिली. मग बाबा दर वर्षी हिला हळदकुंकू वाहतात आणि दिसेल त्या सांध्यात तेल सोडतात. घरातलं सगळ्यात चांगलं."

"शेंगदाण्याचं?"

"डबल फिल्टर!"

त्याने डोळे मिटले. "त्या तेलाचा डिंक झालाय. पाय काढला तरी आतली झडप मागे येत नाही. बिचारीला आजार काही नाही. लाड झालेत नुसते."

त्याने आरसा पुसून बॅगेत ठेवला.

"साफ केली, तर काका विकणार नाहीत," तो हळूच म्हणाला.

"नाही."

"आणि मला शाळेत असल्यापासून... हीच हवी होती."

मी अंगणातल्या तुळशीकडे बघत राहिले. घरातून कपबश्यांचा आवाज आला. बाबा येत होते.

"बॅगेतला तो बारीक ब्रश द्या," वरद म्हणाला. "आणि थोडं पेट्रोल."

चहा गार झाला. शेवटी त्याने सांध्यांत शिवणयंत्राच्या तेलाचे थेंब सोडले आणि बाबांना स्टिअरिंगवर बसवलं. बाबांनी रेस दिली, पाय उचलला. इंजिन लगेच कुजबुजायला लागलं. बाबांनी पुन्हा करून पाहिलं. मग चष्मा काढून उगाचच पुसला.

"डॉक्टर... माफ करा. आता ही द्यायची नाही."

"ठाऊक होतं, काका."

"ठाऊक असून केलंत?" बाबांनी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग किल्ली माझ्या हातात ठेवली. "यांना रिक्षाने पाठवू नकोस."

अकोट्याच्या पुलावर मी दोनदा मुद्दाम पाय उचलला. गाडी दोन्ही वेळा शहाण्यासारखी मंदावली. इतकं हलकं मला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं.

"हळहळ वाटतेय?" मी रस्त्याकडे बघत विचारलं.

"वाटायला हवी." तोही रस्त्याकडेच बघत होता. "आलो होतो गाडीसाठीच, खोटं नाही बोलत. ब्रश मागितला तेव्हा मात्र... गाडी डोक्यात नव्हती."

या सीटवर माणसं खरं बोलतात, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

"येत्या खंडेनवमीला बाबा पुन्हा तेलाचा डबा काढतील," मी म्हणाले. "मी एकटी नाही अडवू शकत."

"मी येईन. सकाळपासून."

"खंडेनवमीला अजून अवकाश आहे."

"तोवर... दर रविवारी तपासायला हवी. जुनी केस आहे."

सयाजीगंजचा तोच सिग्नल हिरवा झाला. मागच्या रिक्षावाल्याने हॉर्न दिला. मी या वेळी मुळीच घाई केली नाही.