वीस आकडे

"पुन्हा तूच?" दार उघडत काइस्ला करवादली.

"तक्रारही पुन्हा तुझीच," ओले बूट काढत आरो म्हणाला.

उत्तर फिनलंडमधल्या त्या तळ्याकाठच्या दवाखान्यात आता डॉक्टर येत नसत, हेलसिंकीहून पडद्यावर दिसत. नर्स काइस्लाच्या डोक्याला मात्र नुसता ताप झाला होता. दर दोन दिवसांनी डॉक्टर "चित्र गोठलं!" म्हणून ओरडत आणि संपर्क तोडत. मग ऐंशी किलोमीटरवरून हा तंत्रज्ञ यायचा, वायरी चाचपायचा, तिच्या हातची कॉफी आणि वेलदोड्याचा पाव संपवायचा आणि तिच्याकडे जरासं... अगदी जरासंच बघून निघून जायचा. तिला त्याचा राग यायचा. त्याची गाडी वळणाआड गेली की जास्तच यायचा.

ही पाचवी खेप. "आज डोळ्यांनी बघच," म्हणत तिने तपासणीला आलेल्या ताइस्तो आजोबांना कॅमेऱ्यासमोर बसवलं.

"कुठे दुखतंय?" डॉक्टरांनी विचारलं.

आजोबा विचारात पडले. हलले नाहीत की बोलले नाहीत. उत्तर द्यायचं तर नीट विचार करून द्यावं, ही इथली रीत.

"गोठलं परत!" डॉक्टर वैतागले. पडदा काळा झाला.

"गुडघा," आजोबा काळ्या पडद्याला म्हणाले.

काइस्लाने कपाळावर हात मारून घेतला. "म्हणजे यंत्र ठणठणीत आहे! तुला कळलं नाही?"

"कळलं होतं," आरो पुटपुटला. "तिसऱ्या खेपेला."

"आणि गप्प बसलास? मी मेली इथे रोज बोलणी खातेय!"

त्याचे कान लाल झाले. त्याने बूट चढवले.

तिने डॉक्टरांना बजावलं, "वीस आकडे मोजल्याशिवाय तोडायचं नाही." तक्रारी थांबल्या. आरोचं येणंही थांबलं. तीन आठवडे तिने एकटीने कॉफी प्यायली, आणि ती कडू लागली.

मग एका दुपारी पडदा उजळला. आरो! "शेवटची चाचणी," तो म्हणाला.

"चाचणी गेली खड्ड्यात. कळल्यावरही का येत होतास?"

तो गप्प. पापणीही हलेना. ती मनात मोजू लागली. अठरा... एकोणीस... वीस. बोट बटणापाशी गेलं आणि तिथेच थांबलं. एकवीस... बावीस...

"तुझ्यासाठी," तो म्हणाला.

"एवढ्यासाठी बावीस आकडे?" तिने बटणापासून बोट मागे घेतलं. "मलाही तूच हवा आहेस, मूर्खा! तिथे काय बसलायस? निघ!"

ती कॉफी ठेवायला वळली. मागे पडद्यावर आता नुसती रिकामी खुर्ची होती, अजून गरगर फिरणारी.