सूर्यानं सरकवलेला बांध

मिरजगावच्या शिवारात त्या दिवशी मोजणी लागली, आणि दिपालीच्या पायाखालची जमीन खरोखरच सरकली. मोजणीदारानं सॅटेलाईटवर चालणाऱ्या यंत्राची दांडी बांधावर धरली, पडद्यात पाहिलं आणि शांतपणे सांगून टाकलं — हद्द विहिरीच्या अलीकडून जाते. म्हणजे विहीर शेजारच्या सहादेवांची! दिपालीचे वडील भिमाजी मटकन खालीच बसले. त्यांची सगळी लिंबाची बाग त्या एका विहिरीवर होती.

सहादेव मिशीला पीळ देत उभे होते. तेवढ्यात त्यांचाच मुलगा, फवारणीचा ड्रोन चालवणारा गोरक्ष, पुढे आला. दोन्ही घरांत बोलणं नव्हतं; दिपालीनं त्याला इतक्या जवळून कधी पाहिलंच नव्हतं... आणि आता नजर हलेना.

"ही मोजणी धरू नका," तो म्हणाला. "सकाळपासून माझा ड्रोन एका जागी ठरंना. कंपनीचा मेसेज हाय — सूर्यावरनं तापल्याल्या प्लाझ्माचा लोळ उसळला, त्यो पृथ्वीवर आदळलाय. आज सॅटेलाईटचे आकडे सरकत्यात."

सहादेवांची बोटं मिशीवरच थांबली. मोजणीदारानं त्याच खुणेवर दांडी पुन्हा धरली, तर हद्द चार हात पलीकडे! तो चांगलाच चपापला, आणि मोजणी पुढच्या आठवड्यावर गेली.

दिपालीनं गोरक्षला बांधावरच गाठलं.

"हातात आलेली विहीर घालवलीत. का?"

त्यानं लिंबाचं पान चुरगळलं, वास घेतला... "तुमची विहीर घिऊन तुमच्याच म्होरं पानी उपसायचं? न्हाई जमायचं."

तिचे कान तापले. ऊन तर केव्हाच उतरलं होतं.

पुढच्या मोजणीत आकडे ठाम निघाले. विहीर भिमाजींचीच. पण सहादेवांच्या लिंबोणीची अख्खी ओळही भिमाजींच्या हद्दीत आली! सहादेव गाडीला किक मारून निघून गेले. खरं बोलला गोरक्ष, आणि गेलं त्याचंच. दिपालीला रडूच आलं.

तो मात्र चक्क हसत होता.

"ती झाडं मी लावलीत. लई सवय हाय त्यांची," तो म्हणाला. "त्यांच्या मागं... मी पन आलो तुमच्याकडं, तर?"

दिपाली थक्क झाली. सगळ्या शिवारासमोर याला विचारवतं तरी कसं?

"चालंल," ती कशीबशी म्हणाली.

तेवढ्यात विहिरीवरून भिमाजींनी हाक मारली, हद्दीचे दगड कुठं रोवायचे म्हणून.

"राहू द्या, नाना," ती गोरक्षकडे बघत म्हणाली. "बांध पुन्हा सरकनार हाय."