न थांबणारा दोर

"फेलिम, दोर आज एकदाही थांबला नाही!" नायो ओरडली. वाऱ्याने तिचे शब्द तोंडातूनच हिसकावून नेले.

"बरंच झालं की! तुला काय मधेच लटकायला आवडतं?"

"डोकं चालव, भोपळ्या! असल्या वादळात वरची तार हलते नि इंजिन सारखं बंद पडतं. आजच का नाही?"

स्कीवर घसरायचा हा बर्फाचा डोंगर एका क्लबचे सभासदच चालवायचे. भांडी घासण्यापासून इंजिन सांभाळण्यापर्यंत सगळी कामं पाळीने. आज इंजिनावर मर्व्हकाका होते. आणि जेवणानंतर नायोचा धाकटा भाऊ ऑली पहिल्यांदाच दोराने वर जाणार होता! पायात स्की घालून कमरेच्या पट्ट्याला लावलेल्या चिमट्यात इंजिनाने धावणारा दोर पकडायचा आणि वर पोहोचलं की सोडायचा. नाही सुटला, तर पुढे दोर फिरवणारं लोखंडी चाक. चाकाच्या अलीकडे एक आडवी तार. तिला माणूस धडकला की तिची खुंटी निसटते आणि इंजिन बंद.

दोघं वर गेले. गारा गालांवर सपासप बसत होत्या. चाकापाशी फेलिमने बर्फ खरवडला आणि तो थबकलाच. तारेची खुंटी कुणीतरी गवताचे भारे बांधायच्या दोरीने करकचून आवळली होती!

"मर्व्हकाका!" नायो दात चावत म्हणाली. "त्यांच्या मेंढवाड्याचं फाटकसुद्धा असंच बांधलेलं असतं. अरे, ऑली यायचाय इथे!"

तेवढ्यात खालून काकांनी त्यांना पाहिलं. दोराला चिमटा लावून ते गरजतच वर आले.

"हात लावू नका, कार्ट्यांनो! दर वेळी ती खुंटी बसवायला मी डोंगर चढू काय?"

"काका, दोर सोडा! चाक आलं!"

"सुटत नाही! गोठलाय चिमटा!"

तार त्यांच्या छातीवर आदळली. खुंटी हललीसुद्धा नाही! दोराने त्यांना आडवं पाडलं आणि फरफटत चाकाकडे ओढलं.

नायोने पायातली स्की उपसली आणि तिची पोलादी कड दोरीवर हाणली. एक घाव! दुसरा! चाकाने काकांचा हातमोजा गिळला. किंकाळी फुटली. बर्फावर रक्त उडालं.

"मार! जोरात मार!" फेलिमने दोरी दोन्ही हातांनी ताणून धरली.

तिसऱ्या घावाला दोरी तुटली. खुंटी उडाली. इंजिन गप्प झालं.

काकांची दोन बोटं मोडली होती. हात मात्र वाचला.

संध्याकाळी जेवणघरात क्लबच्या सर्वांत जुन्या सभासद ओल्वेनआजी उभ्या राहिल्या. "दोर छान चालतोय म्हणून आम्ही सगळे खूश होतो. तो थांबायला हवा होता, हे फक्त या पोरांना कळलं. शाब्बास!"

"आज यांची भांड्यांची पाळी मी करतो," काका खाली मान घालून म्हणाले.

"एका हाताने?" फेलिमने विचारलं.

"एका हाताने. आणि हसू नकोस, माकडा!"

दुसऱ्या दिवशीही वारा होताच. ऑली अर्ध्यावर पोहोचला आणि दोर थांबला. कुणीच कुरकुरलं नाही. बँडेज बांधलेले मर्व्हकाका खुंटी बसवायला धापा टाकत डोंगर चढू लागले.

"घाबरलास का रे?" नायोने खालून विचारलं.

"छे!" ऑली ओरडला. "थांबतोय ना दोर!"