बिनमक्याची टॉफी

भट्टी बिघडली ती नेमकी शनिवारी. बेकरीत शनिवारी भट्टी बिघडणं म्हणजे ऐन लग्नात नवरा रुसण्यासारखंच. मामा सकाळपासून फोनवर ओरडत होते. दहाच्या सुमारास एक उंच, किडकिडीत माणूस हत्यारांची पेटी घेऊन आला, भट्टीच्या मागे शिरला आणि तासाभराने कोपरापर्यंत काळा होऊन बाहेर आला.

"काटा खोटं बोलत होता," तो म्हणाला. "दाखवायचा दोनशे अंश, आत दोनशे चाळीस."

"तरीच माझे केक करपत होते," बारकी म्हणाली. "आणि बोलणी मी खात होते."

बारकी म्हणजे मामांची भाची. तीन बहिणींत धाकटी म्हणून पडलेलं हे नाव सत्ताविसाव्या वर्षीही तिला चिकटून होतं. बेकरीत पाव मामांकडे, आणि गोड असेल ते सगळं तिच्याकडे. तिने ट्रेमधली एक मऊ टॉफी उचलून त्याच्यापुढे धरली. त्याच्या मेहनतीसाठी… आणि खोटं कशाला बोला, त्याचे डोळे जरा जवळून बघता यावेत म्हणूनही.

त्याने हात पुढे केला नाही. "यात मका आहे?"

"टॉफीत कोणी कणसं घालतं का?"

त्याने फळीवरच्या डब्याकडे बोट दाखवलं. कॉर्न सिरप. रोज हाताळलेल्या त्या डब्यावरची अक्षरं बारकीने बहुधा पहिल्यांदाच वाचली.

"आहे की," ती ओशाळून म्हणाली. "ते नसलं तर साखर परत दाणे धरते, टॉफी रवाळ होते. पण तुमचं मक्याशी काय वाकडं?"

"माझं नाही, आईचं. तिला वावडं आहे. जरा पोटात गेला तरी चेहरा सुजतो, श्वास अडकतो." तो पाने एकेक करून पेटीत ठेवू लागला. "तीस वर्षं टॉफीच्या कारखान्यात कागद गुंडाळायची. रोज हजारो. एकही कधी खाता आली नाही. आता तिची फुफ्फुसं गेलीत. डॉक्टर म्हणतात महिना, फार तर दोन. तर म्हणते, एक टॉफी खाऊन जायचंय."

हे त्याने एखाद्या सुट्या भागाचा नंबर सांगावा तसं सांगितलं. बारकीने हातातली टॉफी परत ट्रेमध्ये ठेवली.

"मी करते," ती म्हणाली. "मध घालून होईल."

"मध ती खात नाही. म्हणते, माशी माझ्यासारखीच कामगार. तिची कमाई मी नाही लुटणार."

"आणि दूध, लोणी?"

"मीही तेच विचारलं. म्हणाली, गाय मला कधी कामावर भेटली नाही."

बारकीला हसू आलं. त्या न पाहिलेल्या बाईवर तिचा तिथल्या तिथे जीव जडला. बाईच्या मुलावर जडायला आणखी चार-पाच दिवस लागले.

कारण तो रोज यायला लागला. दुपारी, गिऱ्हाईक नसताना. म्हणे काटा तपासायचाय. मामा भुवया उंचावून म्हणायचे, "आमच्या भट्टीची प्रकृती फारच नाजूक झाली म्हणायची," आणि पावाच्या पाट्या घेऊन पुढच्या खोलीत निघून जायचे.

पहिल्यांदा तिने खजुराचा पाक घेतला. टॉफी मऊ झाली, पण काळीकुट्ट, आणि चवीला नुसता खजूर.

"आई बघताक्षणी ओळखेल," भट्टीवाला म्हणाला. "तिने लाखोंनी टॉफ्या बघितल्यात."

मग नुसती साखर, लिंबाचा रस घालून. ती छान जमत आली होती, पण उकळताना त्याने मदत म्हणून चमचा फिरवला, आणि बघता बघता पातेल्यात वाळू झाली.

"उकळत्या पाकाला हात लावायचा नसतो," ती कमरेवर हात ठेवून म्हणाली. "सांगितलं होतं ना तुम्हाला?"

"तुमच्याकडे बघत होतो… हाताकडे लक्ष नव्हतं."

बारकीच्या कानांच्या पाळ्या तापल्या. भट्टीजवळ उभी होती म्हणून असेल.

"आधी ते तुम्ही-तुम्ही बंद करा," ती पातेलं घासायला घेत म्हणाली.

"आधी तू कर."

शेवटी तांदळाचा पाक सापडला. फिकट, सौम्य, स्वतःचं फारसं काही न बोलणारा. पहिल्या घाण्याला टॉफी ढिली राहिली, म्हणून दुसऱ्या वेळी दोन अंश जास्त शिजवली. भट्टीवाल्याने तापमापी पातेल्यात धरली, ती श्वास रोखून बघत राहिली, दोघांची डोकी एकमेकांना टेकली आणि कुणीच मागे घेतलं नाही. टॉफी सोनेरी निघाली. त्याने एक तुकडा तोंडात टाकला, डोळे मिटले आणि बराच वेळ उघडलेच नाहीत.

"हीच," तो म्हणाला. त्याचा आवाज ओला होता. "बारके… हीच."

दुसऱ्या दिवशी तिने भांडी, सुऱ्या, टेबल, सगळं गरम पाण्याने धुतलं आणि खास आईंसाठी नवा घाणा घातला. बारा टॉफ्या कापल्या, कागदात गुंडाळल्या. तो डबी छातीशी धरून गेला. जाताना दारात थांबून म्हणाला, "उद्या तुझ्याशी बोलायचंय. आईबद्दल नाही." बारकी दिवसभर गुणगुणत होती.

सकाळी त्याचा फोन आला. आई हॉस्पिटलमध्ये होती. टॉफी खाल्ल्यावर चेहरा सुजला, श्वास कोंडला. डॉक्टर म्हणत होते, आजारच बळावलाय. "तुझ्या टॉफीत मका नव्हता, हे मी त्यांना छातीठोकपणे सांगितलं," तो म्हणाला.

बारकीने फोन ठेवला. मग तिने एकेक जिन्नस आठवायला घेतला. साखर, लोणी, साय, तांदळाचा पाक, मीठ. मनातल्या मनात शिजवलं, ओतलं, कापलं… आणि तिचा उजवा हात आपसूक फळीकडे गेला. पिठीसाखरेची बरणी. कापलेल्या टॉफ्या एकमेकींना चिकटू नयेत म्हणून वर चिमूटभर भुरभुरायची. दहा वर्षांची हाताची सवय, तिला विचारावं लागत नाही. चव बघायच्या घाण्यांना तिने लावली नव्हती. ही टॉफी द्यायची होती, म्हणून सजवली होती.

पिठीसाखरेचा पुडा तिने उलटा करून मागची अक्षरं वाचली. साखर. आणि गुठळ्या होऊ नयेत म्हणून मक्याचं स्टार्च.

"गप्प बस," मामा हलक्या आवाजात म्हणाले. "डॉक्टर आजार म्हणतायत ना? ती बाई तशीही जाणारच होती. कुणाला कळणार आहे?"

"मला कळलंय ना मामा."

"तो पोरगा पुन्हा तोंड बघणार नाही तुझं."

हे तिलाही ठाऊक होतं. रस्ताभर तिचे पाय मागे ओढत होते.

वॉर्डच्या दारातच तिने त्याला सांगितलं. एका दमात, डोळ्यांत बघून. शेवटी म्हणाली, "डॉक्टरांना सांग. औषध बदलावं लागेल." तो तडक वळला. आत जाऊन डॉक्टरांना सांगून आला आणि भिंतीला टेकून उभा राहिला. तिच्याकडे त्याने पाहिलं नाही.

"तिला इकडे आण," आतून आवाज आला. घोगरा, तुटक. दोघं आत गेले.

सुजून आईच्या डोळ्यांच्या नुसत्या चिरा उरल्या होत्या. "कापायच्या टेबलावर पिठी टाकायचे कारखान्यात," ती श्वास घेत घेत बोलली. "मी तिथं तोंडाला रुमाल बांधून जायचे. काल जिभेला कोरडं लागलं… तेव्हाच कळलं मला."

"मग थुंकली का नाहीस?" तो जवळजवळ ओरडलाच.

"थुंकता आली असती." आईने उशीवर मान टेकली. "नाही थुंकली. फार छान होती रे."

भट्टीवाला आईकडे बघत राहिला, मग बारकीकडे. "घरी जा तू," तो म्हणाला.

सूज दोन दिवसांत उतरली, पण श्वास सावरला नाही. चौथ्या दिवशी आई गेली. टॉफीमुळे की आजारामुळे, हे डॉक्टरांनी सांगितलं नाही आणि त्यानेही विचारलं नाही. बारकी मात्र रोज विचारायची, स्वतःलाच. पाव भाजले जात होते, केक विकले जात होते, आणि तिच्या जिभेला कशालाच चव उरली नव्हती.

दीड महिन्याने एका दुपारी तो आला. पेटी नव्हती. दाढी वाढलेली, गाल आणखी बसलेले.

"भट्टी बरी आहे," ती पुटपुटली.

"माहीत आहे." तो काउंटरपाशी उभा राहिला. "तू सांगितलं नसतंस, तर मला जन्मात कळलं नसतं. रोज हाच विचार करतोय. रागाने करतो… मग राग पुरत नाही." त्याने तोंडावरून हात फिरवला. "तुझ्याशिवाय करमत नाही मला. पण खरं सांगतो, तुझ्या हातचं काही माझ्या घशाखाली उतरणार नाही. कदाचित कधीच नाही."

बारकीच्या डोळ्यांतून पाणी ओघळलं. तिने ते पुसलं नाही. "मग कसं होणार?"

"स्वयंपाक मी करीन," तो म्हणाला.