मल्हारचा वाडा

त्यानं माझं घर पाडलं, आणि नेमकं त्याच क्षणी मी त्याला पहिल्यांदा पाहिलं. गुडघे चिखलात टेकलेले, आणि हातात माझ्या घराचा तिसरा मजला.

घर वीतभर उंचीचं होतं. श्रावणातला रविवार, भैरोबाचा डोंगर धुक्यात बुडालेला. निघताना आईनं बजावलं होतं, "वर देवापाशी दगडावर दगड ठेवून घर मांड. जेवढं मजलं मांडशील तेवढं घर देव देतो." वडील फौजेत होते, त्यामुळे आमचं बालपण सरकारी क्वार्टरमध्ये गेलं. ते निवृत्त झाल्यापासून साताऱ्यात, गोडोलीला भाड्यानं राहतो. आणि मी? मी भूमी अभिलेख कार्यालयात भूकरमापक! तालुक्यातल्या लोकांच्या जमिनी मोजून देते, आणि स्वतःच्या नावावर तुळशीपुरतीही जागा नाही. देवळापर्यंत दम निघेना, म्हणून वाटेच्या वळणावरच मी माझे तीन मजले उभे केले, पाणी प्यायला पाठ फिरवली, आणि…

"ओ! ते माझं घर आहे!"

त्यानं वर पाहिलं. पापण्यांवर पावसाचे थेंब होते. ते पुसायला हात वर नेला, तर तो चिखलानं भरलेला… कपाळभर चिखल. मी रागावलेली असूनही मला हसू यायला लागलं.

"हे घर?" तो म्हणाला. "मॅडम, हे अतिक्रमण आहे. परवानगी घेतली होती का?"

"आईसाठी देवाकडं मागितलंय. तुमची कशाला घ्यायची?"

"कारण देव वाट दाखवायला येत नाही, आम्ही येतो." मग तो नीट बोलायला लागला. त्यांचं 'रानवाट' नावाचं गिर्यारोहण मंडळ होतं. दर दुसऱ्या रविवारी ते डोंगराची वाट दुरुस्त करत आणि वळणावळणावर खुणेसाठी दगडांची छोटी रास लावत. मागच्या महिन्यात पाच जण धुक्यात खुणा समजून लोकांनी मांडलेल्या घरांच्या मागं मागं गेले, ते थेट कड्यापाशी. धुकं हटेपर्यंत तिथंच बसून राहिले, म्हणून वाचले.

माझी मान खाली गेली. तेवढ्यात मागून पांढऱ्या मिशांचे एक आजोबा काठी टेकत आले. हे हंबीरराव. निवृत्त सुभेदार, मंडळाचे प्रमुख.

"काय रं मल्हार, कुणाचं घर मोडलंस?"

"या मॅडमचं."

"आरं द्येवा! लगीन झालंय व्हय ह्येंचं?"

"नाही हो, काका!" मी म्हणाले. जरा जास्तच घाईनं म्हणाले. मल्हार खाली बघून हसला, ते मला दिसलं.

हंबीररावांनी तिथल्या तिथं निवाडा दिला. देवळासमोर सपाटी करायची, पाटी लावायची, आणि ज्याला जेवढे मजले हवेत तेवढे त्यानं तिथं मांडायचे. मी काय काम करते ते ऐकल्यावर त्यांनी मिशीला पीळ दिला. "मोजणीवाली हाय? मग आमच्या वाटंचा नकाशा कोण करायचा? पुढल्या टायमाला टेप घिऊन ये."

मी टेप घेऊन गेले. आणि मग जातच राहिले.

मंडळात पंधरा-वीस माणसं. कुणी कोयत्यानं घाणेरीची झुडपं तोडायचं, कुणी पहारीनं दगड हलवून पायऱ्या बसवायचं, कुणी पाणी वाटेवरून वाहू नये म्हणून कडेनं चर काढायचं. मी माप घ्यायची. टेपचं शून्याचं टोक धरायला कुणीतरी लागायचं, आणि ते 'कुणीतरी' दर वेळी मल्हारच असायचा. तो शिरवळला एका कारखान्यात तपासणी विभागात होता. मूळचा माण तालुक्यातला, मेंढपाळाच्या घरातला. वाट गवतात हरवली की सगळे मोबाईल काढायचे, हा उकिडवा बसायचा, जमिनीकडं बघायचा आणि म्हणायचा, "इकडून." कधी चुकला नाही.

माप मात्र सारखं चुकायचं.

"अठ्ठावीस मीटर चाळीस," मी म्हणायची.

"टोक हललं वाटतं… परत मोजू."

"तिसऱ्यांदा?"

"मॅडम, सरकारी मोजणी घाईत करू नये."

बावीस मीटरच्या चढाला आम्ही एका रविवारी पाऊण तास लावला. साळूबाई म्हणून साठीच्या एक निवृत्त परिचारिका मंडळात होत्या. जाता जाता त्या म्हणाल्या, "त्या पट्टीला जीव असता ना पोरांनो, तर लाजून गुंडाळून बसली असती." मी कानापर्यंत लाल झाले. मल्हार टेपचं टोक धरून भलतीकडंच बघत राहिला.

सोनकीची पिवळी फुलं आली आणि गेली. मला तो आवडायला लागला होता. आवडायला काय, मी शनिवारपासूनच बुटांच्या नाड्या तपासत बसायची. पण तो काही बोलेना. टेप ताणून धरायचा, शब्द मात्र ढिले सोडायचा.

दिवाळीच्या आधीचा रविवार. आम्ही दोघं देवळाच्या कट्ट्यावर बसून भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी खात होतो.

"तुमचं घर माणात ना?" मी सहज विचारलं. अगदी सहज, आठवडाभर तयारी करून.

"हो. गावात दोन खोल्या आहेत. आई-अण्णा असतात वाड्यावर."

"तुमचा वाडा आहे?"

"आहे की. पणजोबांपासून चालत आलाय."

"बराच जुना, मोठा असेल."

"तीनशेच्या पुढं आहे," तो अभिमानानं म्हणाला.

तीनशे वर्षं! माझ्या डोळ्यांसमोर दिंडी दरवाजा उभा राहिला. "मग… राखण कोण करतं?"

"अण्णा, आणि दोन कुत्री."

दोन-दोन कुत्री! मी पुढं आणखी काही विचारणार, तर हंबीररावांनी शिट्टी वाजवली आणि सगळे कामाला लागले.

इकडं घरी वेगळंच शिजत होतं. आईनं माझ्यासाठी ऋषिराज नावाचा मुलगा बघितला होता. आमच्या नात्यातलाच, पुण्यात इंजिनिअर, स्वतःचा दोन बेडरूमचा फ्लॅट. "बघ," आई म्हणाली, "डोंगरावर घर मांडलंस, देव पावला! दिवाळी झाली की बघायला येत्यात."

आई वाईट नव्हती. तिला फक्त एक हवं होतं, लेकीला स्वतःचं घर असावं. आयुष्यभर दुसऱ्याच्या भिंतीला खिळा ठोकताना विचारून ठोकलेल्या बाईचं ते मागणं होतं. तिला मल्हारबद्दल काय सांगू? त्यानं मला अजून काही विचारलेलंच नाही? तो आपल्या जातीतला नाही? शेवटी तोंडातून निघून गेलं ते एवढंच, "आई, मला एक जण आवडतो. त्यांचा वाडा आहे. तीनशे वर्षांचा."

आईनं हातातलं लाटणं खाली ठेवलं. मग म्हणाली, "चौसोपी?"

"असेल."

"भावकी चार दिस बोलंल…" ती स्वतःशीच म्हणाली. मग पोळी उलटली. "ऋषिराजच्या घरी कळवते, पोरगी सरकारी दौऱ्यावर हाय, पंधरा दिसांनी या. तवर मला त्यो वाडा दाव. मग काय ते ठरवू."

आणि योग बघा! पुढच्याच मोहिमेच्या आदल्या दिवशी मंडळाच्या ग्रुपवर मल्हारचा निरोप आला. 'उद्या काम झाल्यावर सगळ्यांनी आमच्या वाड्यावर जेवायला. पायथ्यालाच येतोय. आईनं घरच्यांनाही आणायला सांगितलंय.'

पायथ्यालाच येतोय, म्हणजे पायथ्यालाच लागतो, असं मी वाचलं. माणातला वाडा इथं कसा, आणि एवढा मोठा असून मला इतके दिवस कसा दिसला नाही, हे मात्र माझ्या डोक्यात आलं नाही. प्रेमात माणसाची मोजणी चुकते, दुसरं काय!

आईनं ठेवणीतली जांभळी इरकल नेसली. नथ घालू का, असंही विचारलं. मी नको म्हणाले, देवाची कृपा.

दुपारी मंडळाची जीप थांबली ती हंबीररावांच्या ऊस तुटलेल्या रानाच्या कडेला. रानभर मेंढरं बसलेली. एका बाजूला काठ्यांना जाळं बांधून कुंपण केलेलं, त्यात लहान कोकरं. दोन घोडी, त्यांच्या पाठीवरून उतरवलेलं सामान, डालग्याखाली कोंबड्या, एक ताणलेली ताडपत्री. तीन दगडांच्या चुलीपुढं एक बाई भाकरी थापत होत्या. आणि दोन कुत्री आमच्यावर भुंकत होती.

"या!" मल्हार धावत आला. "हाच आमचा वाडा. काल संध्याकाळीच उतरलाय."

उतरलाय. येतोय. पणजोबांपासून चालत आलाय… चालतच आलाय! आणि तीनशेच्या पुढं काय, ते समोर रवंथ करत बसलं होतं.

मी आईकडं पाहायचं धाडस केलं नाही. मेंढपाळांच्या भाषेत वाडा म्हणजे हा, मेंढरांसह फिरणारा मुक्काम. जमिनीच्या नोंदी करणाऱ्या मला ते माहीत असायला नको का?

मल्हारनं आईची इरकल पाहिली. आईचे डोळे रानभर दिंडी दरवाजा शोधताना पाहिले. आणि त्याला उमगलं. तो हळूच माझ्याजवळ आला.

"काकूंना काय सांगितलं होतं?"

"वाडा."

"मग खरंच सांगितलंत."

"चौसोपी… आणि तीनशे वर्षांचा."

तो मोठ्यानं हसला. मग हसू ओसरलं, चेहरा उतरला. "म्हणजे त्या वाडा बघायला आल्या होत्या. मला वाटलं…" तो थांबला. "मी म्हणूनच बोलत नव्हतो, संयोगिता. तुमच्या आईला घर पाहिजे, ते मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. मीच पाडलं होतं ते. माझ्याकडं शिरवळची एक खोली आहे, ती पण कारखान्याची. आणि बाकी हे, असं. काय तोंडानं विचारू?"

त्यानं मला पहिल्यांदाच नावानं हाक मारली होती. माझी जीभ, कसं कोण जाणे, सरळ चालली.

"आई वाडा बघायला आलीय. मी नाही. मला तुम्ही आवडता. वाडा आहे हे कळायच्या आधीपासून, आणि वाडा नाही हे कळल्यानंतरही. बावीस मीटर मोजायला पाऊण तास लागलेला मला चालतो. आता तुम्ही बोला, नाहीतर पंधरा दिवसांत एक इंजिनिअर येऊन पोहे खाऊन जाईल."

तो एकदम, "नको देऊस त्याला पोहे," म्हणाला. "मला पण तूच… पहिल्या दिवसापासून. टोक हलत नव्हतं गं. एकदाही हललं नव्हतं."

मी हसले आणि डोळे भरून आले, दोन्ही एकदमच. पण सगळं अजून चुलीपाशी अडकलं होतं. तिथं आई उभी होती, साडीचा पदर सावरत, तोंड घट्ट मिटून.

मल्हारच्या आईनं, सुलाबाईंनी, तिच्यासाठी पोतं झटकून अंथरलं. "बसा की आवं बाई. ह्यो आमचा संसार. उचलला की चालला."

आई बसली. ताडपत्रीखालच्या सामानाकडं बघत राहिली. एका घोड्याच्या खोगिरावर सगळं कसं बसतं, ते निरखत होती. मग म्हणाली, "भांडी खाली ठेवता का वर?"

"खाली जड, वर हलकं. आन् कोकरू झालं आसंल तर सगळ्यांत वर."

"मीबी तसंच करायची," आई म्हणाली. आवाज मऊ झाला होता. "ह्येंची बदली आली की दोन ट्रंका. पठाणकोट, जोधपूर, तेजपूर… अकरा ठिकाणं झाली. ही पोरगी तर ट्रंकेवर झोपायची. खाली जड, वर हलकं, आन् सगळ्यांत वर ही."

"म्हंजी तुमचाबी वाडाच की!" सुलाबाई म्हणाल्या.

आई हसली. मनापासून हसली, मान मागं टाकून. तिला असं हसताना मी कितीतरी दिवसांनी पाहिलं. मग तिनं इरकलीचे काठ खोचले, परात पुढं ओढली आणि न विचारता पिठात हात घातला. दोघींच्या भाकऱ्या तव्यावर एकाआड एक पडू लागल्या. हंबीरराव, साळूबाई आणि मंडळातले सगळे पंगतीला बसले. जेवता जेवता ऐकत सगळेच होते. मल्हार पाणी वाढत होता आणि माझ्या पेल्यातून ते दोनदा सांडलं.

जेवणं झाल्यावर आम्ही निघालो. आई जीपच्या पायरीवर एक पाय ठेवून थांबली. वळून तिनं विचारलं, "वाडा हितंच ऱ्हायचाय का अजून?"

"न्हाई वं," सुलाबाई म्हणाल्या. "परवा हालतोय."

आईनं माझ्याकडं पाहिलं, मग मल्हारकडं. त्याच्या हातातला तांब्या तसाच राहिला होता.

"मग पुढल्या ऐतवारी ह्येंना घिऊन यायचं कुठं, त्ये नीट सांगून ठेवा," आई म्हणाली. "सोयरीक बोलायची म्हटल्यावर पत्ता नको का?"