माणूस पोचेपर्यंत

घरातला माणूस परगावी निघाला, की तो पोचेपर्यंत त्याच्यामागे केर काढायचा नाही. इंदापूरकडच्या बावड्यात, मंदाकिनीच्या माहेरी, ही रीत. तिथला माणूस जाऊन जाऊन जाणार बारामतीला. दुपारी तो पोचायचा, दुपारी केर निघायचा.

पण मंदाकिनीचा नवरा रमाकांत बॅरिस्टर व्हायला विलायतेला निघाला, तोही विमानानं. त्याच्या हातावर दही घालताना तिनं मान वर केली नाही. त्याची पावलंच पाहत राहिली. डाव्या पायाची करंगळी लहानपणी गाडीच्या चाकाखाली तुटून गेलेली.

"कराची ते लंडन पाच हजार मैल!" सासरे मोहनराव वकील बारामतीच्या घरात येईल त्याला ऐकवत. "बोट तीन आठवडे रखडते. विमान अरबस्तानच्या वाळवंटावरून आठवड्यात पोचवतं!" जणू ते विमान हेच हाकत होते.

विमान कराचीहून उडाल्याची तार आली. त्यानंतर तीन दिवसांनी वकिलांचा पाय केरात पडला.

"हा उकिरडा कुणी केला?"

मोलकरीण छबूबाई म्हणाली, "धाकलं मालक अजून पोचलं न्हाईत, सायेब. आत्ता झाडलं तर त्यांची वाट झाडली जाती."

"विमानाला कसली आलीय वाट? आभाळात चाकोरी असते का गं?" ते सुनेकडं वळले. "ही बावड्याची अक्कल तुझीच ना? काढ केर."

छबूबाईनं केरसुणीला हात लावला नाही. केर मंदाकिनीनं काढला. सासऱ्यापुढं सुनेनं तोंड उघडायचं नाही, ही रीत मात्र वकिलांना बरी पटत होती.

दुपारी फाटकाशी वाळू दिसली. पिवळी, पिठासारखी बारीक. नदीची वाळू करडी, खरबरीत. ही तसली नव्हती. मंदाकिनीनं मूठभर उचलली आणि टाकली. सावलीतली वाळू, पण तव्यासारखी तापलेली.

तिनं ती झाडली. दुसऱ्या दिवशी वाळू अंगणात आली. तिसऱ्या दिवशी पायरीवर.

"वाऱ्यानं येते," मोहनराव म्हणाले.

तुळशीचं पान हलत नव्हतं.

मंदाकिनीनं केरसुणी उचलून माळ्यावर टाकली. मीच झाडली त्यांची वाट, मीच.

मग तार आली. रमाकांत लंडनला सुखरूप पोचला होता. मोहनरावांनी ती दारात उभं राहून मोठ्यानं वाचली. "ऐकलंस, सूनबाई? पोचला! आता तरी झाडा!"

मंदाकिनी हसली, रडली, पदर खोचून केरसुणी घेऊन आली. वाळू उंबऱ्याला टेकली होती. तिनं सगळी लोटून काढली.

छबूबाई मात्र आत गेली. तांब्या आणि भाकरीचा तुकडा घेऊन आली.

"आता हे कुणासाठी?" मंदाकिनीनं विचारलं.

"लांबनं आलेल्याला असं दारात ताटकळत ठिवू न्हाई, बाई."

तिनं तुकडा रिकाम्या दारावरून ओवाळला, बाहेर फेकला. मग वाकून उंबऱ्यापुढच्या फरशीवर पाणी ओतलं.

"अगं, तार आलीय!" मोहनराव ओरडले. "तो लंडनला..."



फरशी भिजून काळी झाली. मधे दोन जागा तेवढ्या कोरड्या राहिल्या, पावलांएवढ्या, बोटं घराकडं केलेली.

डाव्या पावलाला करंगळी नव्हती.